तिसरा फटका

(नभोवाणीवरील भाषण)

पिकलबॉल या खेळाचें नांव आतां आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. सोसायट्यांच्या आवारांत, जिमखान्यांत, क्वचित् एखाद्या इमारतीच्या गच्चीवरहि, फळीवर चेंडू आदळल्याचा तो टक्-टक् आवाज सकाळ-संध्याकाळ ऐकूं येतो. हा खेळ कसा खेळावा याचा संपूर्ण पाठ देण्याचा माझा आज हेतु नाहीं. त्यांतील एकाच फटक्याविषयीं मला बोलावयाचें आहे. पहिला फटका सर्व्हिसचा, दुसरा ती परतविणाराचा, आणि त्यानंतर सर्व्हिस करणाऱ्या पक्षाला जो मारावा लागतो तो तिसरा. एका फटक्यासाठीं एवढा वेळ खर्च करावा असें त्यांत काय आहे, ही शंका आपल्या मनांत येणें स्वाभाविक आहे. जोडीच्या सामन्यांतील निम्म्याहून अधिक भांडणें याच फटक्यापासून सुरू होतात, एवढेंच तूर्त सांगतों. माझ्या घरचें भांडण तर नक्कीच तेथून सुरू झालें. तें पुढें येईलच.

प्रथम खेळाची थोडी ओळख. त्याचा जन्म अमेरिकेंतला. वॉशिंग्टन राज्यांत सिॲटल शहराजवळ बेनब्रिज नांवाचें बेट आहे. तेथें १९६५ च्या उन्हाळ्यांत जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या तिघां मित्रांनीं, सुटींत कंटाळलेल्या घरच्या मंडळींच्या करमणुकीकरितां, तो सुरू केला. बॅडमिंटनचें जुनें कोर्ट होतें, परंतु त्या खेळाचें साहित्य पुरतें हातीं लागेना. तेव्हां टेबलटेनिसच्या फळ्या आणि भोंकें असलेला प्लॅस्टिकचा चेंडू यांवर काम भागविण्यांत आलें. नांव ऐकून आपल्याला लोणच्याची आठवण होते. तथापि निरनिराळ्या होड्यांतील उरलेले वल्हेकरी एकत्र करून शर्यतीसाठीं जी ‘पिकल बोट’ बनवीत, तिच्यावरून जोन प्रिचर्ड यांनीं हें नांव सुचविलें, असें त्या कुटुंबाचें सांगणें आहे. आपल्याकडे हा खेळ आणण्याचें श्रेय मुंबईचे सुनील वालावलकर यांना दिलें जातें. त्यांनीं तो कॅनडांत पाहिला व या शतकाच्या पहिल्या दशकांत येथें रुजविण्यास प्रारंभ केला.

आतां कोर्टाचें चित्र डोळ्यांसमोर आणूं. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. मधलें जाळें दोन्ही कडांना ३६ इंच उंच आणि मध्यभागीं ३४ इंच. जाळ्याच्या प्रत्येक अंगास सात फुटांचा एक पट्टा आखलेला असतो. खेळाडू त्याला ‘किचन’ म्हणतात. या स्वयंपाकघराचा कायदा असा कीं, चेंडू टप्पा पडण्यापूर्वीं अधांतरींच मारावयाचा असेल तर पट्ट्यांत, किंबहुना त्याच्या रेषेवरहि, पाय असतां कामा नये. टप्पा पडल्यावर मात्र आंत शिरण्यास कोणाची हरकत नाहीं. त्यामुळें जाळ्याला खेटून उभें राहावयाचें आणि दिसेल तो चेंडू खालीं ठोकावयाचा, हा दांडगाईचा मार्ग येथें बंद झाला आहे.

दुसरा नियम याहूनहि महत्त्वाचा. सर्व्हिसचा चेंडू टप्पा पडल्यावरच परतवावा लागतो. आणि परत आलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्या पक्षानेंहि टप्पा पडूं देऊनच मारावा लागतो. त्यापुढें ज्याला जसें हवें तसें. तिसऱ्या फटक्याचें सारें महत्त्व या एका नियमांतून उत्पन्न झालें आहे. टप्प्याची वाट पाहावी लागल्यामुळें सर्व्हिस करणारे दोघेहि मागल्या रेषेपाशीं अडकून पडतात. समोरच्या पक्षाची गोष्ट निराळी. त्यांतील एक गडी आरंभापासूनच किचनच्या रेषेवर उभा असतो, व दुसरा सर्व्हिस परतवून लगेच धांवत येऊन त्याच्या शेजारीं उभा राहतो. रेषेवर उभ्या असलेल्या जोडीला चेंडू उंचावर मिळतो, तो खालीं मारतां येतो, आणि कोर्टाचे दोन्ही कोन तिला मोकळे असतात. जो मागें आहे त्याला मात्र चेंडू बहुधा पायाशीं मिळतो.

आतां यांतील विसंगति पहा. रूढ पद्धतींत गुण मिळतो तो सर्व्हिस करणाऱ्या पक्षालाच. अकरा गुणांचा डाव आणि निदान दोन गुणांचें अंतर, असा विजयाचा हिशेब आहे; परंतु ज्याला गुण मिळविण्याचा अधिकार, त्याचीच जागा कोर्टावर वाईट. मागल्या रेषेपासून किचनच्या रेषेपर्यंतचें अंतर अवघें पंधरा फूट. हे पंधरा फूट सुखरूप ओलांडले तरच सामना बरोबरीचा होतो. म्हणून तिसऱ्या फटक्याचें काम गुण मिळविण्याचें नसून जागा मिळविण्याचें आहे. हें एक वाक्य ज्याला पटलें, त्याला या फटक्याचें अर्धें शिक्षण मिळालें असें समजावें.

तो मारण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला ‘ड्रॉप’, म्हणजे अलगद उचलून किचनमध्यें टाकलेला चेंडू. दुसरा ‘ड्राइव्ह’, म्हणजे जाळ्यावरून सपाट व जोरानें मारलेला. तिसरा ‘लॉब’, म्हणजे प्रतिपक्षाच्या डोक्यावरून मागें टाकलेला. लॉबविषयीं थोडक्यांत सांगतों. तो क्वचित् वापरावा. कारण मागल्या रेषेवरून तो नेमका टाकणें कठीण, आणि आंखूड पडला तर पुढचा फटका आपल्याच अंगावर येतो. आपल्या डोक्यावरून लॉब गेला तर एक पथ्य सर्वांनींच, विशेषतः पन्नाशी उलटलेल्यांनीं, कटाक्षानें पाळावें. पाठमोरीं पावलें टाकीत मागें जाऊं नये. अंग वळवावें आणि मगच धांवावें. उलटें धांवतांना तोल जाऊन माणूस पाठीवर किंवा टेकलेल्या हातावर पडतो व मनगट मोडून घेतो. गुण गेला तर पुन्हां मिळेल.

खरी निवड असते ती ड्रॉप आणि ड्राइव्ह यांमध्यें. ड्रॉपचें तत्त्व साधें आहे. जो चेंडू जाळ्याच्या उंचीच्या खालीं आहे तो वर उचलूनच पलीकडे नेतां येतो. त्याला कोणी कितीहि बलवान असला तरी खालीं ठोकूं शकत नाहीं. म्हणून आपला चेंडू किचनमध्यें, शक्य तर प्रतिपक्षाच्या पायांशीं, पडला कीं त्याचें बळ निरुपयोगी होतें. दुसरा लाभ वेळेचा. मागल्या रेषेवरून जोरानें मारलेला चेंडू सुमारें अर्ध्या सेकंदांत समोरच्याच्या फळीवर जातो व तितक्याच वेगानें परत येतो. आपण दोन पावलें टाकतों न टाकतों तोंच तो आपल्या पायांत असतो. अलगद टाकलेला चेंडू हवेंत सुमारें एक सेकंदभर राहतो, शिवाय नंतर टप्पा घेतो. तेवढ्या अवधींत पुढें सरकतां येतें.

तो टाकावा कसा? फळी घट्ट आवळून धरूं नये; हातांत चिमणी धरावी इतपत पकड पुरे. गुडघे वांकवून चेंडूच्या उंचीशीं उतरावें, कमरेंतून वांकूं नये. फळीचें तोंड किंचित् आकाशाकडे असावें. चेंडू टप्पा घेऊन वर येतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि उतरूं लागतो. तो उतरूं लागला म्हणजे, शरीराच्या पुढें, त्याला गांठावें. मनगटाचा झटका देऊं नये. हात खांद्यापासून लंबकासारखा हलावा आणि फटक्याच्या शेवटीं फळी चेंडू गेला त्या दिशेस उचललेली असावी. चेंडूच्या मार्गाचा सर्वांत उंच बिंदु जाळ्याच्या अलीकडे, आपल्या अंगास, असला पाहिजे. म्हणजे जाळें ओलांडतांना तो उतरत असतो. नवशिके हा बिंदु जाळ्याच्या पलीकडे नेतात, आणि मग तोच चेंडू प्रतिपक्षाच्या छातीएवढ्या उंचीवर जाऊन मेजवानी ठरतो.

दिशेचाहि विचार हवा. तिरकस टाकलेल्या चेंडूला दोन सोयी मिळतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोर्टाची लांबी ४८ फुटांहून थोडी अधिक भरते, म्हणजे सरळ रेषेपेक्षां चार फूट जास्त. आणि तो जाळें ओलांडतो मध्यभागीं, जेथें तें दोन इंचांनीं कमी उंच आहे. मधोमध टाकलेला चेंडूहि चांगला. तो कोणीं घ्यावा असा संभ्रम समोरच्या दोघांत पडतो. सर्व्हिस परतवून जो अद्याप धांवत येत आहे, त्याच्या पायांशीं टाकलेला चेंडू तर बहुतेक वेळां उंचच परत येतो.

ड्राइव्ह मग केव्हां मारावा? परत आलेला चेंडू आंखूड पडून चांगला उंच उसळला असेल तेव्हां. त्यांतहि ताबडतोब गुण मिळेल या आशेनें मारूं नये. जोराच्या फटक्यानें प्रतिपक्षाची फळी डगमगावी, चेंडू अर्धवट परत यावा, आणि मग पांचवा फटका अलगद टाकून पुढें जावें, हा हिशेब मनांत असावा. चेंडू खोल, मागल्या रेषेजवळ पडला असेल व आपणच मागें रेटले गेलों असूं, तर कांहीं घाई न करतां उंच कमान देऊन तो पलीकडे पोहोंचवावा. दोन चुकांपैकीं एक निवडावयाची झाली तर चेंडू जाळ्यांत जाण्यापेक्षां थोडा उंच गेलेला बरा. जाळ्यांत गेलेल्या चेंडूला पुढची संधि नसते; उंच गेलेला चेंडू प्रतिपक्षाला मारावा लागतो, आणि मारणाराहि चुकतो.

आतां घरचें भांडण. माझी जोडीदार म्हणजे माझी थोरली बहीण. ताईच्या गुडघ्याची कांहीं वर्षांपूर्वीं शस्त्रक्रिया झाली. ती चालते चांगली, पण धांवणें तिला जमत नाहीं. आम्ही दोघे आमच्या आवारांतील एका लहानशा स्पर्धेंत उतरलों. मीं प्रत्येक तिसरा फटका सर्व बळ एकवटून मारला. कांहीं चेंडू सुटले, लोकांनीं टाळ्या वाजविल्या आणि मला वाटलें, आपण छान खेळतों आहों. उरलेले चेंडू मात्र वेगानें परत आले, आणि आले ते ताईच्या पायांत. कारण ती बिचारी कोर्टाच्या मध्यावर, ना मागें ना पुढें, अशी सांपडलेली असे. डाव हरलों. घरीं येतांना मीं म्हणालों, “ताई, तूं लवकर पुढें येत जा.” ती थांबली व म्हणाली, “अरे, तूं मला येऊं देतोस कुठें? तुझा चेंडू जातो, येतो, आणि मी तिथंच. उद्यांपासून तूं दुसरा जोडीदार पहा.”

पुढें तीन आठवडे ती खरोखरच खेळावयास आली नाहीं. शस्त्रक्रियेनंतर तिला घराबाहेर काढणारा हा एकच खेळ होता, आणि तो माझ्या हातून तुटत होता. तेव्हां कोठें मला कळलें कीं, तिसरा फटका मारणारा एकटा असला तरी त्यावर पुढें जावयाचें असतें दोघांना. अलगद टाकलेल्या चेंडूनें जो एक सेकंद मिळतो, तो जोडीदाराचाहि असतो.

मीं सराव सुरू केला. त्याची रीत सोपी आहे व कोणालाहि करतां येईल. एकानें किचनच्या रेषेवर उभें राहून चेंडू द्यावा. शिकणारानें प्रथम आपल्या बाजूच्या किचनच्या रेषेवरूनच तो समोरच्या पट्ट्यांत टाकावा. दहांपैकीं सात पडूं लागले कीं दोन पावलें मागें सरावें. पुन्हां सात पडले कीं पुन्हां दोन पावलें. असें करीत मागल्या रेषेपर्यंत जावें. मला तेथें पोहोंचावयास दोन महिने लागले. पुढें जाण्याचीहि एक शिस्त आहे. चेंडू चांगला पडला असें दिसलें तरच पुढें व्हावें. उंच गेला तर जागीं राहून बचावाची तयारी करावी. प्रतिपक्ष चेंडू मारावयाच्या क्षणीं, आपण कोठेंहि असलों तरी, दोन्ही पाय टेकून स्थिर व्हावें. एका धांवेंत रेषा गांठण्याचा हट्ट नको. वाटेंत पायांशीं चेंडू आला तर तोहि अलगद टाकावा आणि पुन्हां दोन पावलें जावें. जोडीदारांनीं आपल्या दोघांच्या कमरेस एकच दोरी बांधली आहे असें समजून बरोबरीनें सरकावें.

श्रोतेहो, ताई आतां पुन्हां खेळते. आम्ही पुष्कळदां हरतों. आमच्याहून तरुण जोड्या आवारांत बऱ्याच आहेत. तथापि हल्लीं तिसरा फटका मारून मी पुढें जातों तेव्हां डाव्या हाताला एक नजर टाकण्याची संवय मला लागली आहे. ती तेथें असते. उद्यां सकाळीं आपण कोर्टावर जाल तेव्हां सर्व्हिसनंतर परत आलेल्या त्या पहिल्या चेंडूवर तुटून पडण्यापूर्वीं एकवार आपल्या जोडीदाराकडे पहा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.