करार आणि चावडी



विधिशाखेची पदवी संपादन केल्याबद्दल आपणां सर्वांचे अभिनंदन करतो. ते अधिक लांबवीत नाही, कारण राहात्याच्या पेरूबागांमधून येताना मला आमच्या घरातील एका जुन्या कागदाचे स्मरण झाले आणि भाषणाचे टिपण खिशातच राहिले.

आमच्या आजोबांनी एका साखर कंपनीस जमीन खंडाने दिली, तेव्हा ज्या इंग्रजी दस्तऐवजावर त्यांनी अंगठा उठविला, तो वाचू शकेल असे घरात कोणीच नव्हते. पुढे 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, कंपन्यांच्या ताब्यातील जमिनी सरकारजमा होऊन 1963 साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना स्वतःच्याच रानासाठी अर्ज-मोर्चे करीत राहावे लागले. मात्र त्या पक्क्या कागदाने कंपन्यांनाही तारले नाही, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही.

पक्क्या कागदावरचा तोच भरवसा मला पुढे वकिलीतही दिसला. 1991 च्या जुलैमधील औद्योगिक धोरणानंतर मुंबईत परदेशी अशिलांची रीघ लागली. त्यांचे वकील विमानाने येत, मोठ्या हॉटेलात मसुदे सिद्ध होत, आणि आम्हां देशी वकिलांकडे मुद्रांकशुल्क मोजण्याचे व अभिप्रायावर सही करण्याचे काम राहत असे. एकदा मी एका बैठकीत सातबारा पुढे केला, तर त्यांच्यातील ज्येष्ठाने ती चिठ्ठी बाजूस सारून शंभर पानांच्या मसुद्याकडे बोट दाखविले. त्या चिठ्ठीच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव होते, आणि शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास कुळकायद्याचे 63 वे कलम जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून मज्जाव करते, हे मी तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा कोठे चहा थांबला. माझ्या व्यवसायबंधूंवर माझा राग आहे तो याच कारणाने, की अशिलास अप्रिय वाटेल असे बोलण्याचे धाडस ते शुल्काच्या रकमेच्या व्यस्त प्रमाणात दाखवितात.

दाभोळच्या वीजप्रकल्पाची कथा तर तुम्ही सर्वांनी पाठ्यपुस्तकासारखी वाचली पाहिजे. जून 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीने राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. जागतिक बँकेने 1993 साली अर्थसाहाय्य नाकारले, तरी त्याच वर्षी डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. वीज घेतली अथवा न घेतली, तरी क्षमतेचा आकार द्यावयाचा, दर डॉलरशी निगडित, वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. असा बंदोबस्त असताना गुंतवणूकदारास कशाचे भय असावे? तथापि हा करार स्वाक्षरीपूर्वी जनतेपुढे ठेवला गेला नाही. 1995 च्या निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला, नव्या सरकारने ऑगस्टात तो रद्द केला, प्रकरण लंडनच्या लवादापर्यंत गेले, पुन्हा बोलणी झाली, 1999 मध्ये वीज सुरू झाली आणि 2001 च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणे थांबविले. त्या वर्षाअखेर एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. हमीच्या भिंती इतक्या जाड बांधल्या की आतल्यांना बाहेरचा गलबला ऐकूच आला नाही.

म्हणून माझा एकच आग्रह आहे, आणि तो मी पुनःपुन्हा करीन: जो करार चावडीवर मराठीत वाचून दाखविता येत नाही, तो टिकेल असे अशिलास कधीही सांगू नका. परकीय चलनाचे नियम, कंपनी कायदा, लवादाची कलमे हे सर्व तुम्ही शिकाल; परकीय चलनाचा 1973 चा फेरा हा कायदा जाऊन 2000 साली फेमा अमलात आला, तसे कायदे आणखी पुष्कळ बदलतील. परंतु ज्यांच्या पाण्यावर, रस्त्यावर आणि वीजबिलावर त्या कराराचा भार पडणार, त्यांना तो आधी कळला पाहिजे, हे बदलणार नाही. मसुद्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेवण्याची अट तुमच्या शुल्कपत्रातच लिहा. अशील नाराज होईल, होऊ द्या.

लंडनच्या वकिलांनी इथे कार्यालये थाटावीत की नाही, या वादाबद्दलही बोलायचे होते, परंतु प्राचार्यमहाशय दोन वेळा घड्याळाकडे पाहून चुकले आहेत, आणि पदव्या घेण्यासाठी तुमची रांगही केव्हाची उभी आहे.