वाचनालयातील चर्चासभा



रेणापुरासारख्या गावी लहानशा वाचनालयात ग्रंथावर वा बोलपटावर चर्चा केल्याने भक्तीस बाधा येते, अशी शंका काहींनी मजपाशी काढिली आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापिले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाले. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला, तो लोकांनी हाताने उतरून घेतला व चारचौघांत मोठ्याने वाचिला म्हणून. कपाटाच्या कुलपाने नव्हे.

दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला, आणि त्यांच्या मनात स्वदेशी चित्रपटाचा संकल्प उठला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मग प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहावयास आपण का भ्यावे? येत्या सभेत तोच ठेविला आहे. शंकेखोरांनी अवश्य यावे. मागील खेपेप्रमाणे मी मध्येच बोलणार नाही.