गळालेली नावे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. स्थापत्य शाखेचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत रस्ते मोजत आमचे आयुष्य चालले आहे. तरीही पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या शिक्षणाविषयी बोलायचे धाडस करतो, कारण आमच्या घरातला माणूस अशा एका प्रबंधात आकडा होऊन गेला.

आमच्या अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. व्यायामोपचार चालू असताना एक संशोधक विद्यार्थी भेटला. संस्था कोणती, ते इथे सांगायचे कारण नाही. मुलगा हुशार आणि नम्र. संमतिपत्र कानडीत होते. अण्णा कानडी फर्डे बोलतात, पण वाचणे जड जाते, म्हणून त्याने शेजारी बसून सगळे समजावले. मग सहा मिनिटांची चाल. ३० मीटरचा सरळ मार्ग, दोन्ही टोकांना खुणा. दमलात तर थांबा, घड्याळ मात्र थांबत नाही. मोजणाऱ्याने ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांतच धीर द्यायचा. एकाला जास्त, दुसऱ्याला कमी असे नाही. दर मिनिटाला त्याचे ते एकसुरी 'छलो, छलो' ऐकून आम्हा टेपवाल्यांना बरे वाटले. काम चोख होते.

दुसरी मोजणी १२ आठवड्यांनी होती. ती झालीच नाही. कचेरीत मार्चअखेर, रजा मिळेना. चिगरी बसचा फलाट बसच्या दाराशी समतल आहे, पण घरापासून फलाटापर्यंत अण्णांना नेणार कोण? एक फोन आला, आम्ही "बघतो" म्हणालो, संपले. संशोधनाच्या भाषेत अण्णा 'गळाले'.

आमच्या कामात लेव्हल घेताना काटेरी झुडपात शिरायचा कंटाळा केला आणि तिथले रीडिंग सोडले, तर कागदावर जमीन सपाट दिसते. पावसाळ्यात पाणी नेमके तिथेच तुंबते. इथेही तसेच आहे. दुसऱ्या मोजणीला कोण येतो? ज्याच्या घरी हात धरायला माणूस आहे तो. जास्त लंगडणारा, एकटा, रोजंदारीवाला गळतो. उरलेल्यांचीच सरासरी काढली, तर उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतो. संशोधकांनाही हे ठाऊक आहे. ज्या गटात नाव घातले त्याच गटात शेवटपर्यंत हिशेबात धरायचे, असा त्यांचा दंडक आहे. पण मोजणीच झाली नाही, तर हिशेबात धरणार काय?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या दिवसांत मुंबईत, केईएममध्ये, फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. तेव्हा आपला धारवाड जिल्हाही मुंबई राज्यातच होता. आज सत्तूरला एसडीएम, पलीकडे बेळगावात केएलई. मुंबई गाठायची गरज उरली नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ वर्षे आणि किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम. संशोधनपद्धती शिकवतात, नीतिनियम शिकवतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सहभागी रुग्णाला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा आहे. मग अंदाजपत्रकात रिक्षाचे भाडे धरायला मुलांना पहिल्याच वर्षी का शिकवू नये? आणि मोजणीला हात घालण्यापूर्वी महिनाभर रुग्णांबरोबर घरापर्यंत जाऊन यायला लावावे. नियमावलीत हे बसते की नाही ते मार्गदर्शकांनी बघावे. आम्हाला विचाराल तर संख्याशास्त्राचे दोन तास कमी झाले तरी चालतील. (आमच्या संख्याशास्त्रवाल्या मेहुण्यांनी रागावू नये.)

सहा महिन्यांनी तो मुलगा आपणहून घरी आला. प्रबंधात धरता येणार नव्हते, मुदत उलटली होती. तरी त्याने आमच्या बोळात टेप लावला, दुसरे टोक आम्ही धरले. १५ मीटरच मिळाले. अण्णा चालले आणि लगेच म्हणाले, "मागच्यापेक्षा जास्त ना रे?"

तो म्हणाला, "काका, तसं नाही सांगता येणार. इथे दुप्पट वेळा वळावं लागलं, वळण्यात वेळ जातो. दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत."

अण्णा खट्टू झाले, पण खोटे सांगितले नाही म्हणून मुलगा त्यांना आवडला. आता सरळ ३० मीटर कुठे मिळतील, असा त्यांचा रोजचा धोशा आहे. काल आरतीनंतर आम्ही या सभागृहाबाहेरचा व्हरांडा मोजला. ३१ मीटर भरला.