मऊ खड्यांची निगराणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. सातवी शिकलेली बाई मी, भाषण कसले करणार! पण आमच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “तुमच्या हातून जे बिघडले आणि मग सावरले, तेच सांगा.” म्हणून सासूबाईंची परवानगी घेऊन सांगते. त्या समोरच बसल्या आहेत.

सन १९७२ च्या दुष्काळात सासूबाई नव्या नवऱ्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरातला एकेक डाग मोडला गेला, पण आईने लग्नात घातलेली पोवळ्यांची माळ त्यांनी मोडू दिली नाही. त्याच खडीत त्यांना एक पांढरा, काचेसारखा चमकणारा दगड मिळाला. तो त्यांनी देवळीत ठेवला, तो आजतागायत तिथेच आहे. ही माळ आणि हा दगड, एवढीच माझी गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी गौरी बसायच्या आधी मी तांब्यापितळेची भांडी काढली. चिंच कोळून ठेवली होती. पोवळ्यांवर मळ दिसला. मनात आले, चिंचेने पितळेला झळाळी येते, तर पोवळ्याला का येऊ नये? माळ त्याच पाण्यात टाकली आणि भांडी घासत बसले. दीड-दोन तासांनी पाहते तो मण्यांवर बारीक बुडबुडे, आणि धुतल्यावर माळ विटकरीच्या तुकड्यांसारखी निस्तेज! मी ती डबीत घालून पेटीच्या तळाशी दडवली. पुढे नणंदेच्या मुलीच्या लग्नाला सासूबाईंनी माळ मागितली, तेव्हा सांगावेच लागले. त्यांनी माळ हातात धरली आणि एवढेच म्हणाल्या, “दुष्काळातून वाचली, ती चिंचेत गेली.” त्या रागावल्या असत्या तर मला सोसले असते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी पुण्याला गेलो. एका दुकानात म्हणाले, “हे मणी गेले, नवीन घ्या.” सासूबाई उठल्याच. विचारत विचारत आम्ही रविवार पेठेतल्या एका बोळात, एका म्हाताऱ्या कारागिराकडे पोहोचलो. त्यांनी भिंगातून मणी पाहिले आणि म्हणाले, “वरची साय गेली आहे, आतले पोवळे शाबूत आहे.” त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

खड्यांच्या कठीणपणाला क्रम असतो. मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली तो एक ते दहा असा लावला. हिरा दहावर, माणिक आणि नीलम नऊवर, गारगोटी सातवर. आपले नख अडीचवर आणि सुरीचे पाते साधारण साडेपाचवर. पोवळे आणि मोती अवघे तीन-चारच्या आसपास. म्हणजे सुरीनेही त्यांच्यावर चरा पडतो. घरातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, म्हणून मोत्याची नथ कोरड्या फडक्याने खसाखसा पुसणे हेही एक घासकामच आहे! शिवाय दोन्ही घडतात चुन्याच्याच जातीच्या द्रव्यातून. आंबट लागले की चुना विरघळतो. चिंच, लिंबू, ताक, सगळे सारखेच.

असे मऊ खडे घडवायची रीतही वेगळी. हिरकणीसारखे धारदार पैलू त्यांना मानवत नाहीत, कडा लवकर झिजतात. म्हणून पोवळ्याला मण्याचा किंवा घुमटाचा घाट देतात. करवतीने कापताना, कानशीने घासताना पाण्याची धार चालू ठेवायची. तापले की रंग बिघडतो, तडा जातो. पाण्याचे दुसरे कारण म्हणजे भुकटी उडत नाही. कोरड्या घासाईची भुकटी छातीत बसते. गुजरातेत खंबायतला अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांची फुप्फुसे त्यानेच गेली. मोत्याला भोक पाडताना एका बाजूने आरपार जात नाहीत, नाहीतर पलीकडच्या तोंडाशी कपची उडते. अर्धे इकडून, अर्धे तिकडून, मध्यावर गाठ घालायची.

आमचे मणी त्यांनी एकेक करून तारेत ओवले, ओल्या बारीक पॉलिश कागदावर फिरवले, मग त्याहून बारीक कागदावर, आणि शेवटी चामड्यावर पूड लावून हलक्या हाताने. घाई केली तर मणी एका अंगाने चपटा होतो. चार मणी भोकाशी चिरले होते, ते बाजूला काढले. माळ पुन्हा गाठवताना दोन मण्यांमध्ये गाठ घातली, म्हणजे मणी मण्याला घासत नाही आणि दोरा तुटला तरी सगळे सांडत नाहीत. माळ चार मण्यांनी आखूड झाली, पण लाली परत आली.

तेव्हा सासूबाईंनी पदराच्या गाठीतून तो दुष्काळातला दगड काढला. “याचे नातीला पदक होईल का?” कारागीर हसले. म्हणाले, हा अपोफिलाइट. आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून असे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर जगभरचे लोक शोधत येतात. असे स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले आहेत.

पण हा दगड पाचाच्या आतला आणि एका दिशेने पापुद्र्यासारखा सुटणारा. तापवला तर पाने निघतात, त्याचे ग्रीक नावही त्यावरूनच पडले. म्हणून गरम लाखेवर बसवता येत नाही, थंड चिकटवणीने धरावा लागतो. पापुद्र्याच्या दिशेला समांतर पैलू पाडायचा नाही, थोडा तिरपा घ्यायचा, चाक हळू. इतके करूनही अंगठीत टिकणार नाही. “माई, हा देवाने घडवलाय तसाच राहू द्या,” ते म्हणाले. काम मिळत असताना नको म्हणणारा माणूस मी तेव्हा प्रथम पाहिला.

तर भगिनींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. मोती-पोवळी आंबटापासून, गरम पाण्यापासून आणि अत्तरापासून दूर ठेवा. घालून झाल्यावर ओलसर मऊ फडक्याने टिपा. सोन्याच्या डागांत मिसळू नका, वेगळ्या मऊ कापडात गुंडाळा. विहीर खणताना स्फटिक निघाले तर हातोडी घालू नका, आणि कोणी त्यांना हिऱ्याचा भाव सांगितला तर भुलू नका.

आणि पाचवी गोष्ट माझी. काही बिघडले तर दडवू नका. मी महिनोन्‌महिने दडवले, आणि उपाय एका दिवसाच्या वाटेवर होता.

काढलेले चार मणी सासूबाईंनी मला दिले. मी ते माझ्या मंगळसूत्रात ओवून घेतले आहेत. आज भांडी घासताना ते आधी काढून ठेवते, आणि त्या ओट्यावरून बघून हसतात.