टॅरोची पंजी आणि कब्बालाचं झाड

मागून हॉर्न ऐकू येत असतील तर सांभाळून घ्या. वारज्यात हायवेच्या जवळ राहते, खिडकी लावूनसुद्धा एवढं येतंच. आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे: टॅरो शिकताना कब्बाला शिकायची का, आणि सुरुवात कुठून करायची?

आधी माझी फजिती सांगते. माझ्या मावसबहिणीची नोकरी गेली तेव्हा ती माझ्याकडे येऊन राहिली होती. एका रात्री म्हणाली, "ताई, काढ ना एक पान." निघाली पेंटॅकल्सची पंजी, म्हणजे पाच नाण्यांचं पान. बर्फात दोन माणसं चालली आहेत, एक कुबड्यांवर, आणि वर एक रंगीत काचेची खिडकी. मी पुस्तिकेतला अर्थ धाडकन वाचून टाकला: पैशाची चणचण, एकटेपणा. तिचा चेहराच उतरला. घरी तिनं काही सांगितलंच नव्हतं! 78 पानांचे अर्थ पाठ करून मी करत काय होते, तर ॲपसारखं उत्तर फेकत होते. तेव्हा कब्बालाकडे वळले.

पण थोडा इतिहास ऐका, कारण इथे थापा फार चालतात. कब्बाला ही ज्यू धर्मातली गूढपरंपरा. तिचा सगळ्यात मोठा ग्रंथ 'झोहार', तो तेराव्या शतकात स्पेनमध्ये पुढे आला. टॅरो आलं पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, आणि तेही चक्क खेळायचे पत्ते म्हणून. 22 मोठी पानं आणि 22 हिब्रू अक्षरं ही जोडी छापून आली 1781 मध्ये, पॅरिसला. पुढे 1850 च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकानं त्यावर अख्खी इमारत बांधली. लंडनमध्ये 1888 साली निघालेल्या गोल्डन डॉन मंडळानं तीच अक्षरं वेगळ्या क्रमानं लावली. 'फूल' हे पान लेव्हीकडे शेवटून दुसरं अक्षर घेतं, यांच्याकडे पहिलं. म्हणजे डेटा तोच, मॅपिंग दोन! तेव्हा कुणी 'हजारो वर्षांचं गुपित' म्हणून महागडा कोर्स विकायला आलं, तर त्याला विचारा, यातलं कुठलं गुपित?

आणि हो, कब्बाला टॅरोसाठी जन्मली नाही. तिचं मूळ तोरा आणि प्रार्थना यांत आहे. ज्यू म्हणजे कुणीतरी लांबचे, असंही समजू नका. कॅम्पातलं लाल देऊळ 1867 चं सिनेगॉग आहे, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. रास्ता पेठेत बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, आणि त्यांची तर घरची भाषाच मराठी. दुसऱ्याच्या देवघरातली वस्तू आपण हातात घेतोय, एवढं भान असू द्या.

आता कामाचं. 22 अक्षरं सध्या बाजूला ठेवा. कब्बालाच्या झाडावर दहा स्थानं असतात, त्यांना सेफिरोत म्हणतात. टॅरोच्या चारही रंगांत एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा-दहा पानं. म्हणजे दहा नावं शिकलात की 40 पानांना आधार मिळतो. घोकंपट्टी एकदम कमी. तुमच्याकडे 1909 चा, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला डेक असेल, तर पेंटॅकल्सची दश्शी आत्ता काढून बघा. दहा नाणी अशीच विखुरलेली नाहीत, ती त्या झाडाच्या आकारात मांडलीत. मी हे पान दोन वर्षं हाताळलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

पाचवं स्थान गेवुरा: कठोरपणा, मर्यादा, छाटणी. म्हणून चारही पंज्या बोचतात. तलवारींच्या पंजीत जिंकून एकटा पडलेला माणूस, कपांच्या पंजीत तीन सांडलेले कप. पण पाचाच्या आधी चौथं हेसेद आहे, म्हणजे माया, भरभरून देणं. नंतर सहावं तिफेरेत, दोन्हींचा मेळ. पंजी एकटी वाचायची नाही, तिच्या आगेमागे बघायचं. पेंटॅकल्सच्या छक्कीत तर एक जण हातात तराजू धरून नाणी वाटतोय. सगळं असंच चपखल बसत नाही, बरं का. पेंटॅकल्सची चौकी बघा, मायेच्या जागी नाणी कवटाळून बसलेला कंजूस! तिथे ओढूनताणून अर्थ लावत बसू नका.

पंधरा दिवसांनी मी तीच पंजी बहिणीसमोर ठेवली. या वेळी पुस्तिका नाही, भविष्य नाही. शेजारी छक्की ठेवली आणि विचारलं, "तुला काय दिसतंय?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "खिडकीत उजेड आहे की गं. मग हे दोघं दार का वाजवत नाहीत?"

मी काहीच बोलले नाही. तिनं फोन उचलला, गॅलरीत गेली आणि मावशीला सगळं सांगितलं. मावशीनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "जेवलीस का?"

पुढच्या भागात छक्क्या घेऊ. तोवर तुमच्या चारही पंज्या शेजारी-शेजारी मांडा, आणि काय दिसलं ते व्हॉइस नोट करून पाठवा.