बंबाचं घर उन्हाच्या गावात

हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या शहरात नेणार आहोत. अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं राज्य आहे. तिथल्या वाळवंटात फिनिक्स हे मोठं शहर आहे आणि त्याला लागूनच स्कॉट्सडेल. वर्षाचा सगळा पाऊस मिळून जेमतेम २० सेंटिमीटर. आपला माण-आटपाडीचा दुष्काळी पट्टासुद्धा त्याच्यापुढे ओला म्हणायचा. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. अशा ठिकाणी आगीच्या बंबाचं घर, म्हणजे अग्निशमन केंद्र, कसं बांधावं? आजचा विषय हाच.

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे बंब यायचा तालुक्याहून. आम्हाला त्या केंद्राचं काय?" तर ते केंद्र बांधण्याआधी जे प्रश्न विचारावे लागतात, तेच आपल्या अंगणवाडीला आणि आरोग्य उपकेंद्रालाही लागू पडतात.

पहिला प्रश्न, इथे हाक कोण मारणार? नाव आगीचं असलं, तरी तिथल्या बंबवाल्यांना येणारे बहुतेक फोन आजारपणाचे असतात. कुणाची छाती दुखते, कुणी पडतं, कुणाला उष्माघात होतो. फिनिक्स आणि स्कॉट्सडेल ज्या मॅरिकोपा जिल्ह्यात येतात, तिथे २०२३ या एका वर्षात उष्म्याने ६४५ माणसं दगावली. त्यातली काही तर स्वतःच्या घरात गेली. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी एसी असून तो चालत नव्हता. २०२४ पासून फिनिक्सचे जवान उष्माघाताच्या माणसाला बर्फाने भरलेल्या पिशवीत ठेवूनच दवाखान्याकडे नेतात, म्हणजे वाटेतच अंग थंड होऊ लागतं. तेव्हा अशा केंद्रात पाण्याच्या नळीइतकीच बर्फाचीही सोय हवी.

दुसरा प्रश्न, किती मिनिटांत पोचणार? अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे आगीचा निरोप आल्यावर ८० सेकंदांत गाडी निघावी आणि पहिला बंब ४ मिनिटांत दारात यावा. म्हणून केंद्राची जागा वस्तीच्या मधोमध शोधतात. गाडी मागच्या दाराने आत येते आणि पुढच्या दाराने बाहेर पडते, मागेपुढे करत बसावं लागत नाही. झोपायच्या खोलीपासून गाडीपर्यंतची वाट सरळ ठेवतात. मात्र मधे घट्ट बंद होणारं दार असतं, कारण डिझेलचा धूर आणि आगीहून आलेल्या कपड्यांवरची काजळी अंगाला बाधते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली आग विझवण्याचं काम कर्करोगाला कारण ठरतं, असं जाहीर केलं. म्हणून मळके कपडे धुण्याची जागा स्वयंपाकघरापासून लांब. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

तिसरा प्रश्न, ऊन कुठून येणार? इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली, तर लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतीवर पडतं. पश्चिमेला खिडक्या कमी, दक्षिणेला खोल पडवी, भिंती जाड, छप्पर पांढरं. आपल्या जुन्या धाब्याच्या घरात आजीला जे गार वाटायचं, त्याचं अर्धं गुपित या जाड भिंतीतच होतं. छपरावर सौर पट्ट्या आणि खाली बॅटरी. शहराची वीज गेली, तरी मदतीचं घर अंधारात बसून चालत नाही. स्कॉट्सडेलने तर २००५ सालीच ठरवलं, की पालिकेची नवी इमारत वीज-पाणी वाचवणारी, हरित इमारतीचा सोनेरी दर्जा मिळवणारीच असावी.

चौथा प्रश्न, पाणी किती लागणार? याचं उत्तर स्कॉट्सडेलने केंद्राच्या बाहेर शोधलं. १९८५ साली तिथे नियम झाला, की प्रत्येक नव्या घराच्या छतात पाण्याचे फवारे हवेत. खोली तापली की त्या जागेचा फवारा आपोआप सुटतो. १५ वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा फवाऱ्याने विझलेल्या आगीला सरासरी सुमारे १,३०० लिटर पाणी लागलेलं दिसलं. नळीने विझवायला सुमारे ११,००० लिटर. हंड्यांनी पाणी वाहिलेल्या बायकांना यातला फरक लगेच कळेल. केंद्राच्या आवारातही हाच विचार करता येतो. सरावाचं पाणी टाकीत परत घ्यायचं, छपराचं पाणी झाडांच्या आळ्यात सोडायचं. झाडंही तिथलीच लावायची. मेस्कीट नावाचं त्यांचं झाड म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचंच भावंडं. थोड्या पाण्यावर सावली धरतं.

आणि पाचवा प्रश्न, या दारातून आत कोण येऊ शकेल? जुनी केंद्रं पुरुषांसाठीच आखलेली. सगळ्यांना मिळून एक झोपायची खोली, एकच न्हाणीघर. बाई नोकरीला लागली, तर तिला कपडे बदलायला जागा नाही. आता वेगवेगळ्या छोट्या खोल्या आखतात. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली हर्षिणी कान्हेकर ही पहिली मुलगी दाखल झाली. दार उघडलं की बायका येतात, पण आत जागाही असायला हवी.

शिवाय अ‍ॅरिझोनात कायदा आहे. एखाद्या आईला बाळ सांभाळणं शक्यच नसेल, तर ३० दिवसांच्या आतलं बाळ ती अग्निशमन केंद्रातल्या माणसाच्या हाती देऊ शकते. बाळाला इजा झालेली नसेल, तर तिच्यावर खटला होत नाही. विचार करा, अशी आई त्या दाराशी येईल तेव्हा ते दार कसं असावं? रस्त्यावरून दिसणारं, दिवा असलेलं, घंटा वाजवली की माणूस येणारं. वस्तीच्या बैठकीची खोली, प्यायचं पाणी आणि सावलीतला बाक त्याच दाराशी असला, तर तिथे यायला कुणी बिचकणार नाही.

मैत्रिणींनो, गावात नवी इमारत मंजूर झाली, की नकाशा ग्रामसभेत मागा. हेच पाच प्रश्न विचारा. हाक कोण मारणार, किती वेळात पोचणार, ऊन कुठून, पाणी किती आणि दार कुणासाठी. नकाशा कागदावर असतो तोवर खिडकी हलवायला खोडरबर पुरतं. भिंत उठली की घण लागतो.

आणि एक काम आजच करा. आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२, हे तीन नंबर चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. पोरांनाही पाठ करायला लावा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर काळजी घ्या, दुपारच्या उन्हात डोक्यावर पदर आणि जवळ पाणी असू द्या. नमस्कार!