पोलीस ठाणे आणि लोकवर्गणी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पाणपोई यांसाठी वर्गणी मागितली, तर बेळगाव-निपाणीचा माणूस हात आखडता घेत नाही. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी सुरू केलेली कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था देणग्यांच्या बळावरच वाढली. पण पोलीस ठाण्यासाठी पैसे द्या म्हटले, की कपाळाला आठी पडते. आमच्या मते ती आठी अकारण नाही.

पहिले कारण आठवणींचे. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी निपाणीजवळ हमरस्ता अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगाव भागात गोळ्या चालल्या. ज्या घरांनी माणसे गमावली, त्यांच्या दारी वर्गणीची वही नेताना शब्द तोलूनच बोलले पाहिजे.

दुसरे कारण व्यवहाराचे. ठाण्यातला पंखा एखाद्या सावकाराने दिला आणि उद्या त्याच्याच ऋणकोची त्याच्याविरुद्ध तक्रार आली, तर त्या पंख्याखाली बसून त्या बिचाऱ्याने काय समजावे?

मग हात झटकून मोकळे व्हावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. इमारती आणि वसाहती बांधणे हे सरकारचे काम असून त्यासाठी कर्नाटकात १९८५ पासून स्वतंत्र महामंडळ आहे. ते काम आपण अंगावर घेऊ नये. परंतु खाजगी साहाय्य योग्य रीतीने घेता येते, याचा दाखला याच राज्यात आहे. २०१९ साली बंगळूरला राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने इन्फोसिस फाउंडेशनच्या साहाय्याने सायबर गुन्ह्यांच्या तपासाचे प्रशिक्षण केंद्र उभारले. तेथे दात्याच्या पैशातून तपासाची विद्या वाढते. कोणाचा तपास करावा, हे दाता ठरवीत नाही.

आपल्या भागाची गरज याहून साधी आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात मोडते. निपाणीच्या मुलीला तेथे उपद्रव झाला, तर तिला हद्दीच्या नावाखाली परत पाठविता येत नाही. तोंडी खबर लिहून घेऊन देणाऱ्यास वाचून दाखवावी आणि प्रत विनामूल्य द्यावी, हेही कायद्यातच आहे. पण कन्नडात वाचून दाखविलेले मराठी म्हातारीला उमगले नाही, तर त्या वाचनाचा उपयोग काय? म्हणून आमची सूचना अशी, की न्यासाने तक्रारदारांसाठी बसण्याची खोली, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या मदतनीसाचे मेज, एवढ्यासाठीच साहाय्य द्यावे.

त्यालाही पाच अटी असाव्यात. रक्कम धनादेशाने सरकारजमा व्हावी. शहरात पोलीस आयुक्त आणि निपाणीसारख्या ठिकाणी जिल्हा अधीक्षक यांच्याशी लेखी करार करून हिशेब जाहीर करावा. भिंतीवर दात्याचे नाव नसावे. ज्याचे प्रकरण ठाण्यात चालू आहे, त्याची देणगी घेऊ नये. आणि गाडीचे तेल, शिपायांचा चहा अशा रोजच्या खर्चाला एक पैसाही देऊ नये. कारण जो रोज देतो, तो रोज काही मागू लागतो.

कॅमेऱ्यांविषयीही एक शब्द. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या डिसेंबरात प्रत्येक ठाण्यात ते बसविण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. ती सरकारची जबाबदारी आहे. वर्गणीची वाट पाहत ती थांबता कामा नये.

आपल्या देणगीने पोलीस आपले होतील, अशी आशा कोणी धरू नये. ज्याने दमडीही दिली नाही, त्यालाही तेथे बसायला जागा मिळाली आणि आपली तक्रार आपल्या भाषेत समजली, म्हणजे वर्गणी सत्कारणी लागली. विश्वस्तांनी याचा विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.